टेकचंद गुरुजी आणि नववी पायरी

गच्चीवर जायचा जिना बांधायला किती दिवस लागतात, असं आमगावात कोणालाही विचारा. आठ दिवस सांगेल, फार तर दहा. टेकचंद गुरुजींच्या घरचा जिना साडेतीन महिने चालला. त्यातल्या सोळा पायऱ्या नऊ दिवसांत झाल्या, आणि उरलेला सगळा काळ एकाच पायरीनं खाल्ला. खालून मोजली तर ती नववी.

सुरुवात झाली ती वड्यांमुळे. सुशिलाबाई, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, दर उन्हाळ्यात लाखोळीच्या डाळीच्या वड्या घालत. त्या वड्या आमगावपासून थेट केशोरीच्या नातेवाइकांपर्यंत जात आणि त्यांच्यावर गुरुजींची अर्धी सोयरीक टिकून होती. वड्या वाळायला गच्ची हवी. गच्ची होती, जिना नव्हता. घर बांधताना गुरुजी म्हणाले होते, "जिना पुढच्या वर्षी." ते पुढचं वर्ष एकतीस वर्षं उगवलंच नाही. तोवर सुशिलाबाई डोक्यावर परात घेऊन मागच्या भिंतीला लावलेल्या बांबूच्या शिडीनं चढत-उतरत राहिल्या.

मागच्या उन्हाळ्याच्या शेवटी शिडीचा एक दांडा मोडला. सुशिलाबाई गच्चीच्या कठड्याला धरून लोंबकळल्या, परात खाली गेली, वड्या शेजारच्या हेमेंद्र सेठच्या कोंबड्यांनी खाल्ल्या. खाली उतरल्यावर त्या ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. गुडघ्याला तेल चोळत एवढंच म्हणाल्या, "आता चढन तं पायऱ्यानं चढन. नाई तं वड्या बंद."

वड्या बंद म्हणजे अर्धी सोयरीक बंद. गुरुजी पडले विज्ञानाचे शिक्षक. चौतीस वर्षं शाळेत अंधश्रद्धा निर्मूलनावर भाषणं दिलेली. त्यांनी पट्टी घेतली, आलेखाचा कागद घेतला, गच्चीची उंची दहा फूट मोजली, सात-सात इंचांच्या सतरा पायऱ्या काढल्या. नकाशा मंजुरीसाठी कचेरीत दिला. दिवाळी झाली, शेतातलं धान घरात आलं, आणि चैतराम मिस्त्री कामाला लागला.

चैतराम हा गुरुजींचाच जुना विद्यार्थी. विज्ञानात कायम नापास, पण हाताला भलताच नेटका. तिरका स्लॅब टाकून झाला, त्यावर विटांच्या पायऱ्या चढू लागल्या. एक, दोन, तीन. दुसऱ्या दिवशी आठव्या पायरीला पाणी मारून चैतरामनं थापी धुतली, पिशवीत घातली आणि बिडी पेटवली.

"काऊन रे, थांबलास काऊन?" गुरुजींनी विचारलं.

"आता नववी आहे ना, गुरुजी."

"मग?"

"नववी मी नाई बांधत."

आता इथं जरा थांबून त्या सिनेमाबद्दल सांगायला हवं. गोंदिया जिल्ह्यात तो ठाऊक नसलेला माणूस सापडायचा नाही, पण बाहेरून आलेल्यांची अडचण नको. 'नौवीं सीढी' नावाचा हा भुताचा सिनेमा चाळीस वर्षांपूर्वी आला. एक हवेली, एक जिना, आणि नवव्या पायरीवर बसणारी पांढऱ्या साडीतली बाई. माणूस त्या पायरीवर टेकला की वरून तिचा आवाज यायचा, "जरा सरकना..." एवढंच. त्या काळी लोक टॉकीजमधून चपला सोडून पळाले होते. गोंदियाच्या टॉकीजबाहेर त्या चपलांचा ढीग म्हणे तीन दिवस पडून होता, आणि ज्यांना धीर झाला त्यांनी येऊन आपल्यापेक्षा चांगल्या चपला निवडून नेल्या.

पण पुढं या भुताचे दिवस पालटले. त्याला कामं मिळू लागली. आधी गुडघेदुखीच्या मलमाच्या जाहिरातीत पांढऱ्या साडीतली बाई "जरा सरकना" म्हणत टुणकन उठली. मग ऑटोवाल्यांनी ते वाक्य ऑटोच्या मागं रंगवलं. लग्नात नवरी स्टेजवर यायला निघाली की बँडवाले त्या सिनेमाची धून वाजवू लागले आणि नवऱ्याचे मित्र नाचू लागले. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेतल्या, नाटकांत 'सरक सूनबाई, सासू आली' हा विनोदी खेळ आठ वर्षं चालला. निवडणुकीत तिन्ही उमेदवारांनी एकमेकांना सरकायला सांगितलं. मोबाइल आल्यावर रिंगटोन आली, रील आले. गोंदियाच्या बसमध्ये जागा मागायची तर आता दुसरं काही बोलायचंच नसतं. हे म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो सिनेमा पाहिलेलाही नाही. भीती सगळी वापरून वापरून झिजून गेली. उरली फक्त एक सवय, की आमगावात कोणी नवव्या पायरीवर पाय देत नाही.

गुरुजींनी चैतरामला ओट्यावर बसवून भाषण दिलं. सिनेमा म्हणजे पडद्यावरचा प्रकाश, प्रकाशाला साडी नसते, वगैरे. चैतरामनं शांतपणे ऐकलं.

"मी तं तो सिनेमा पायलाच नाई, गुरुजी. सिनेमाचं काई नाई. हे शास्त्रातलं आहे."

"कोणत्या शास्त्रातलं?"

"ते गोंदियाच्या वास्तुवाल्या इंद्रकुमार साहेबाले माईत."

सल्ले यायला मग वेळ लागला नाही. हेमेंद्र सेठची राइस मिल होती आणि कोंबड्या वड्यांना चटावल्यापासून त्याला गुरुजींच्या गच्चीबद्दल आपुलकी वाटत होती. तो दोन अंगणांमधल्या कठड्यावरून म्हणाला, "अरे गुरुजी, टेन्शन कायले घेता? हमारे यहां देखो. नववी पायरी इतनी चौडी बनवली की ती पायरीच नाई राहिली. ओटा झाली. वर तुलसी रखो, मामला खतम." कोणी म्हणालं लिंबू पुरा. कोणी म्हणालं पायऱ्या वरून मोजा, म्हणजे नववी दुसरीच येईल. हा शेवटचा उपाय गुरुजींना क्षणभर शास्त्रीय वाटला. पण सतरा पायऱ्या वरून मोजा की खालून, नववी तीच येते. सतराचा हा आकडा आपणच काढला, याचं त्यांना वाईट वाटलं.

चैतराम नेक माणूस. अडवून धरायचं म्हणून त्यानं अडवलं नाही. आठ झाल्यावर त्यानं थेट दहावीला हात घातला आणि सतरावीपर्यंत काम चोख करून दिलं. मधे नववीच्या जागी नुसता तिरका स्लॅब. सुशिलाबाईंनी एक दिवस परात न घेता चढून पाहिलं. आठव्या पायरीवर गेल्या, पुढच्या घसरगुंडीकडे पाहिलं, गुडघ्याकडे पाहिलं आणि खाली आल्या. शिडीच्या मोडक्या दांड्याला तार गुंडाळताना त्या गुरुजींना दिसल्या. त्या दिवशी गुरुजींचं जेवण गेलं.

शेवटी गुरुजींनी या प्रकरणाचा शास्त्रीय तपास करायचं ठरवलं. ते गोंदियाला जाऊन इंद्रकुमारना भेटले. इंद्रकुमार हे वास्तुतज्ज्ञ. टेबलावर लॅपटॉप, मागं श्रीयंत्रांचे फोटो, आणि बोलणं इतकं मवाळ की समोरच्याला आपल्या घरात काहीतरी भयंकर आहे याची खात्रीच पटावी.

"नववी पायरी प्राचीन काळापासून वर्ज्य आहे, गुरुजी."

"ग्रंथ कोणता?"

इंद्रकुमारनी लॅपटॉपवर एक पान काढून दाखवलं. त्यात संस्कृतसारखं काहीतरी होतं आणि शेजारी प्राचीन चित्र म्हणून एक बाई जिन्यावर बसली होती. गुरुजींनी चष्मा पुसून पाहिलं. बाईच्या पायाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'रोज चार खेळ'.

"हे सिनेमाचं पोस्टर आहे!"

इंद्रकुमार जराही गडबडले नाहीत. "चित्राचं सोडा. मूळ ही लोकपरंपरा आहे. आणि ती तुमच्याकडचीच. गोंदियात, तिरोड्याला एवढं कडक नाही. आमगावची माणसं मात्र नवव्या पायरीवरून उडीच मारतात. मी स्वतः मिस्त्र्यांना विचारून नोंद केली आहे."

"कोणत्या मिस्त्र्यांना?"

"चैतरामना."

गुरुजी दुपारच्या गाडीनं परत आले ते थेट चैतरामच्या अंगणात. म्हणाले, "चैतराम, इंद्रकुमार म्हणतात तू सांगितलंस आणि तू म्हणतोस त्यांनी सांगितलं. आता खरं सांग. नवव्या पायरीवरून उडी मारायची हे तुला पहिल्यांदा कोणी शिकवलं?"

चैतराम बिचकला. त्यानं बिडी विझवली. जुना विद्यार्थी असल्यामुळे उभाही राहिला.

"तुमीच, गुरुजी."

"मी?"

"शाळेत आपला विज्ञानाचा वर्ग वरत होता. तुमी रोज पायऱ्या चढत होते. आठवीवरून एकदम दहावीवर. रोज, गुरुजी! उतरतानी बी. आमी मनलं, गुरुजी विज्ञानाचा मानूस, बिनाकारनानं थोडी उडी मारन? मंग सारा वर्ग उडी मारू लागला. मंग सारी शाळा. आता तेच पोरं मोठे झाले, मिस्त्री झाले, बाबू झाले. माझा पोरगा बी मारते."

अंगणातल्या गाईनंसुद्धा गुरुजींकडे पाहिलं, असं गुरुजींना वाटलं.

खरं होतं ते. ही गोष्ट गुरुजींनी स्वतःलाही कधी नीट सांगितली नव्हती. लग्नाला चार महिने झाले असताना ते सुशिलाबाईंना घेऊन 'नौवीं सीढी'च्या मॅटिनीला गेले होते. गोंदियाहून परत येताना गाडीत त्यांनी सिनेमातल्या चौदा शास्त्रीय चुका मोजून दाखवल्या आणि त्यानंतर चाळीस वर्षं चारचौघांत त्या चौदा चुका सांगितल्या. पण दुसऱ्या दिवशी शाळेचा जिना चढताना आठव्या पायरीवर त्यांचा पाय आपोआप उचलला गेला आणि दहावीवर पडला. पहिल्यांदा वाटलं योगायोग. मग वाटलं व्यायाम. चौतीस वर्षं त्यांनी त्याला व्यायामच म्हटलं. आणि एवढ्या नोकरीत गावाच्या डोक्यात पक्की बसलेली त्यांची एकच शिकवण ही निघाली. हे मात्र गुरुजींना फार लागलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी गुरुजींनी स्वतः थापी हातात घेतली. विटा भिजवल्या, सिमेंट कालवलं आणि आठव्या पायरीवर बसून नववी बांधली. ती डावीकडे दीड इंच उंच झाली. कडेला त्यांच्या चष्म्याची काडी कायमची रुतून बसली. हेमेंद्र सेठ कठड्यावरून म्हणाला, "गुरुजी, थोडी टेढी है, लेकिन पायरी लगती है." गुरुजींनी ती दहा दिवस पाणी मारून पक्की केली. पण पाणी मारायचं ते आठवीवरून किंवा दहावीवरून. तिच्यावर पाय द्यायचा तेवढा राहून जाई. रोज काही ना काही निघायचं. सुशिलाबाई विचारायच्या, "झाला का जिना?" गुरुजी म्हणायचे, "अजून ओला आहे."

तो ओला असतानाच कचेरीतून साहेब तपासणीला आले. तरणे होते, नाव दुधराम, तेही गुरुजींच्याच शाळेतले. एक, दोन करत मोजत झपझप वर गेले, झपझप खाली आले आणि अहवाल लिहून गेले. आठ दिवसांनी नोटीस आली. मंजूर नकाशात पायऱ्या सतरा, प्रत्यक्षात सोळा. एका पायरीचा खुलासा सात दिवसांत करावा, अन्यथा बांधकाम नकाशाबाह्य समजून पाडण्यात येईल.

गुरुजींनी नोटीस तीनदा वाचली. मग कचेरीत गेले. "साहेब, तुम्ही नववीवरून उडी मारलीत. ती मोजायची राहिली."

दुधराम साहेब लाजले. "गुरुजी, पाय ठेवल्याशिवाय मोजायची पद्धत नाही. अंदाजानं लिहिता येत नाही. तुमीच शिकवलं, निरीक्षण हे प्रत्यक्ष पाहिजे."

"मग पाय ठेवा!"

"फेरमोजणीचा अर्ज द्या. दोन पंच आणा."

फेरमोजणी होळीनंतरच्या सोमवारी सकाळी अकराला ठरली. पंच म्हणून हेमेंद्र सेठ आणि चैतराम. इंद्रकुमार अभ्यासासाठी म्हणून गोंदियाहून आपणच आले. साहेबांच्या हातात कागद, सगळे जिन्याच्या पायथ्याशी. आधी हेमेंद्र सेठला चढवलं. तो आठपर्यंत मोजून "दस" म्हणाला. चैतरामला चढवलं. त्यानं नववी जवळ येताच डोळे मिटले, उडी मारली आणि दहावीवर पोचल्यावर कबूल केलं की आकडा विसरला. दोघंही तिथूनच खाली परतले. साहेब म्हणाले, आपण अधिकारी असल्यामुळे पक्षपात नको. इंद्रकुमार म्हणाले, आपण निरीक्षक आहोत. मग सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं.

"गुरुजी, तुमी तं विज्ञानाचे," साहेब म्हणाले. "तुमी नुसते उभे राहा नववीवर. मी मोजतो. नाही तर मले 'सोळा'च कायम करा लागन, मंग उद्या जेसीबी."

उद्या जेसीबी, परवा पुन्हा तीच शिडी. गुरुजींना सुशिलाबाईंचे तेल लावलेले गुडघे आठवले. त्यांनी धोतराचा सोगा खोचला आणि चढू लागले. खालून सगळे मोजत होते. एक. दोन. तीन. आठव्या पायरीवर गुरुजींचा पाय सवयीनं उचलला गेला आणि हवेत थांबला. चौतीस वर्षांची सवय त्याला दहावीकडे ओढत होती. गुरुजींनी दोन्ही हातांनी मांडी धरली, पाय खाली दाबला, डोळे घट्ट मिटले आणि नववीवर टेकवला. दुसरा पाय आणला. मग ते तिथंच मटकन बसले.

"नऊ!" खालून एकच ओरडा झाला.

आणि त्याच वेळी वरून बांगड्या वाजल्या. सावकाश, एकेक पायरी उतरत कोणीतरी आलं. गुरुजींच्या मानेवर सावली पडली, आणि अगदी कानाशी एक थकलेला आवाज आला.

"जरा सरका."

पुढचे दोन क्षण आमगावात बरेच दिवस सांगितले गेले. चैतराम वाळूच्या ढिगात सापडला. हेमेंद्र सेठ कठडा ओलांडून आपल्या कोंबड्यांमध्ये पडला. इंद्रकुमारांनी लॅपटॉप गुरुजींच्या अंगणात टाकून फाटकाऐवजी कुंपण निवडलं. साहेब फाटकाबाहेर रस्त्यावर उभे होते, पायात एकच चप्पल, पण कागद मात्र त्यांनी सोडला नव्हता.

गुरुजी पळाले नाहीत. पाय चालते असते तर तेच सगळ्यांच्या पुढं गेले असते. त्यांनी एक डोळा उघडला. पांढरं शुभ्र कापड, त्याच्याखाली पीठ लागलेले दोन हात, हातात रिकामी परात. कापड म्हणजे गुरुजींचं जुनं धोतर. वड्या घालताना ऊन लागू नये म्हणून सुशिलाबाई ते डोक्यावरून घेत.

"तू वर कुठून गेलीस?"

"शिडीनं. हे सारे पायऱ्या अडवून उभे होते. डाळ आंबून जाईन, मंग?" सुशिलाबाईंनी गुडघा धरला. "उतरू म्हनलं पायऱ्यानं, तं गुडघा आखडला. सरका ना जरा. बसू द्या."

गुरुजींनी दुसरा डोळा उघडला. "तसं नको म्हणूस ना. त्या सिनेमातली बाई तसंच म्हणते."

"मले काय सांगता? मी पायला तो सिनेमा. साराच्या सारा."

"मीही पाहिला. चौदा चुका काढल्या होत्या."

"तुमी कुठं पायला जी?" सुशिलाबाई हसू लागल्या. "तुमचं डोस्कं माझ्या पदरात होतं. इंटरवलले समोसा खायाले भायेर आलं, मंग परत अंदर. मीच कानात सांगत होती, आता हवेली आली, आता कंदील आला. त्यातल्याच चुका काढल्या तुमी गाडीत. मी म्हनलं, जाऊ दे, नवा नवरा आहे."

 चाळीस वर्षं ज्या बाईला भिऊन गुरुजी उड्या मारत आले होते, ती त्यांनी पाहिलीच नव्हती. त्यांनी हळूच विचारलं, "मग शेवटी करते तरी काय ती?"

"काय करन? काईच नाई करत. सारा जलम त्या हवेलीत पायऱ्या चढते, उतरते, पानी भरते. एक दिवस थकून बसते आन म्हनते, जरा सरका. कोनीच सरकत नाई. मरते बिचारी. मेल्यावर बी तेच मागते. मले तं तिचं भेव नाई वाटलं. मले रडू आलं होतं."

रस्त्यावरून साहेबांनी भीत भीत हाक दिली, "गुरुजी! सोळा लिहू की सतरा?"

"सतरा लिवा बाप्पा," सुशिलाबाईंनी वरूनच सांगितलं. "मी उभी आहो ना इथं. आजून बसाले जागा नाई भेटली."

गुरुजींनी त्यांच्या हातातली परात घेऊन आठव्या पायरीवर ठेवली. स्वतःच्या हातानं बांधलेल्या त्या दीड इंच वाकड्या पायरीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि एकतीस वर्षांचा उशीर झाला तरी भिंतीला अगदी चिकटून सरकले.